पेनीभर शहाणपण

बँकेत काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, अशी लोकांची एक समजूत असते. असू द्या बापडी. पण पैशातलं कळतं त्याअर्थी बाकीचंही कळत असणार, अशी जी पुढची उडी लोक मारतात तिचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. पासबुक भरून घ्यायला आलेले गृहस्थ पासबुक आत सरकवता सरकवता विचारतात, "काय हो, मुलाला सायन्सला घालू की कॉमर्सला?" मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर. कॉमर्स केल्यावर माणूस कुठे बसतो हे त्यांना समोर दिसत असतं, तरी विचारतात! आणि मी तोंड उघडण्याच्या आत रांगेतला तिसरा इसम "सायन्सला घाला" म्हणून मोकळा होतो, पाचव्याला आपल्या भाच्याची कर्मकहाणी आठवते आणि सर्वांत मागच्या आजी "आधी मुलाला विचारलंत का?" असा एकच प्रश्न टाकून सगळ्यांना गप्प करतात. पासबुक तसंच कोरं राहतं.

सल्ला देणे हा गुण खास आपल्या मातीतला, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. पारावर, वाड्याच्या ओट्यावर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत, इतकंच काय पण स्मशानातल्या बाकावरसुद्धा आपण एकमेकांना मतं देत-घेत असतो आणि मध्येच एखादा विनोद सांगून हलकेही होत असतो. पण इतिहासाची पानं चाळली तर असं दिसतं, की या धंद्याची पहिली रीतसर पेढी उघडली ती लंडनमध्ये. तीही १६९१ साली. म्हणजे इकडे राजाराममहाराज जिंजीच्या किल्ल्यात होते, त्या वेळी तिकडे एक पुस्तकविक्या एका पेनीला जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर छापून देत होता. त्याची ही हकीकत.

पण पुस्तकविक्याकडे जाण्याआधी कॉफी प्यायला हवी.

लंडनमध्ये कॉफीचं पहिलं दुकान निघालं १६५२ साली, कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल नावाच्या गल्लीत. काढणारा पास्का रोझे नावाचा परदेशी माणूस. कॉफी तेव्हा कडू, काळी आणि पिणाऱ्यांच्या वर्णनावरून पाहता बरीचशी काजळीसारखी लागत असावी. पण लोक कॉफीसाठी जात नव्हतेच. आपण तरी इराण्याकडे काय केवळ चहासाठी जात होतो? एक पेनी टाकली की आत बसायला मिळायचं, शेकोटी मिळायची, टेबलावर पडलेली वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळायची आणि शेजारी बसलेला माणूस सरदार आहे की शिंपी आहे याची चौकशी न करता त्याच्याशी वाद घालता यायचा. जागा मिळेल तिथे बसायचं, हा तिथला शिरस्ता. जन्मभर ज्यांना दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी उठावं लागलं, त्यांना हे केवढं अप्रूप! पुढे या दुकानांना लोक चक्क 'एका पेनीचं विद्यापीठ' म्हणू लागले. आपल्या विद्यापीठांच्या फीचा विचार केला तर स्वस्त म्हणायचं.

आता चार माणसं जमून बोलू लागली, की दोन पक्षांना त्रास सुरू होतो. एक सरकार आणि दुसरं घर. घराची तक्रार आधी आली. १६७४ मध्ये लंडनच्या बायकांच्या नावाने एक अर्ज छापून निघाला. त्यात म्हटलं होतं की, या कॉफीपायी आमचे नवरे कामातून गेले आणि बडबडीत आम्हालाही मागे टाकू लागले. हा अर्ज बायकांनीच लिहिला होता की कुणा खट्याळ पुरुषाने, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सरकारचा त्रास मात्र अस्सल होता. २९ डिसेंबर १६७५ रोजी राजा दुसरा चार्ल्स याने फर्मान काढलं की, या दुकानांत रिकामटेकडे लोक जमतात, व्यापारी-उदमी आपला धंदा सोडून तिथे वेळ घालवतात आणि सरकारविरुद्ध खोट्यानाट्या कंड्या पिकवतात. सबब १० जानेवारीपासून सगळी दुकानं बंद! झालं. सगळं लंडन खवळलं. आणि अंमलबजावणीला दोन दिवस उरले असताना, ८ जानेवारीला, राजाने हुकूम मागे घेतला. ज्या राजाच्या बापाचं डोकं याच लंडनमध्ये उडवलं गेलं होतं, त्याला कॉफीवाल्यांपुढे मान तुकवताना फारसा कमीपणा वाटला नसावा. मान जाग्यावर राहिली, हे काय थोडं झालं?

तर अशी ही कॉफीची दुकानं. पण त्यांत दोन मोठी वैगुण्यं होती.

पहिलं म्हणजे, तिथे तोंड दिसायचं. फ्रान्सच्या राजाने काय करावं हे तुम्ही भर दुकानात ओरडून सांगू शकता, पण "माझं लग्न एकीशी ठरलंय आणि मन दुसरीवर बसलंय, मी काय करू?" हे सतरा माणसांत कसं विचारणार? विचारलंच, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही मुलींच्या बापांना कळणार. म्हणजे ज्या प्रश्नावाचून माणसाचं अडतं, नेमका तोच तिथे विचारता येत नव्हता.

आणि दुसरं वैगुण्य म्हणजे तिथे बायका नव्हत्या. गल्ल्यावर बाई असे, कॉफी ओतायला बाई असे, काही दुकानांची तर मालकीणही बाईच असे. पण टेबलाशी बसून मत देणाऱ्यांत बाई नाही. निम्म्या लंडनला काय वाटतं, हे उरलेलं निम्मं लंडन कधी ऐकतच नव्हतं. आपल्याकडेही पारावर कुठे बायका बसतात म्हणा!

या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी तोड काढणारा गृहस्थ म्हणजे आपला पुस्तकविक्या, जॉन डंटन.

हा १६५९ सालचा जन्म. पाद्र्याचा मुलगा. बापाची इच्छा होती की पोराने पाद्री व्हावं; पोराने पाद्र्यांची पुस्तकं छापायचा धंदा काढला. डोक्यात सतत काहीतरी चालू, पायाला भिंगरी. एकदा पुस्तकांचा माल घेऊन थेट अमेरिकेत बोस्टनला जाऊन आला. असा मनुष्य घरात बसून जमाखर्च लिहील, ही आशा व्यर्थ. तो एके दिवशी दोन स्नेह्यांबरोबर शहराबाहेरच्या मैदानातून फिरत चालला होता. मध्येच थांबला आणि म्हणाला की, मला आत्ता एक कल्पना सुचली आहे, ती मी पन्नास गिनींनाही विकणार नाही. स्नेही हसले. त्यांनी खोदून खोदून विचारलं, पण पठ्ठ्याने ताकास तूर लागू दिला नाही.

पुढे त्याने आपल्या आत्मचरित्रात ही कल्पना काय होती ते सांगितलं आहे. ती अगदी साधी होती. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव झाकायचं आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. बस्स, एवढंच!

आम्हा बँकेतल्या लोकांना ही कल्पना ऐकून घेरीच यायची. आमच्याकडे नावाशिवाय पान हलत नाही. नाव, बापाचं नाव, पत्ता, पत्त्याचा पुरावा, त्या पुराव्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सवर सही, आणि सही जुळली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. माणूस समोर उभा असला तरी तो आहे हे त्याला कागदाने सिद्ध करावं लागतं. डंटनने याच्या बरोबर उलट केलं. तू कोण आहेस ते सांगू नकोस, तुझं काय अडलंय तेवढं सांग.

१७ मार्च १६९१ रोजी पहिला अंक निघाला. एकच कागद, पाठपोट छापलेला, किंमत एक पेनी. नाव ठेवलं 'अथेनियन गॅझेट'. अथेन्सचे लोक नवं काहीतरी सांगण्या-ऐकण्यातच सगळा वेळ घालवत, असं बायबलात म्हटलं आहे, त्यावरून हे नाव. पण 'गॅझेट' या शब्दावर सरकारी 'लंडन गॅझेट'ने हरकत घेतली, तेव्हा दुसऱ्याच अंकापासून ते 'अथेनियन मर्क्युरी' झालं. नावावरून भांडण झाल्याशिवाय नियतकालिक सुरू होत नाही, ही परंपरा किती जुनी आहे पाहा.

उत्तरं देणार कोण? तर 'अथेनियन सोसायटी'. विद्वानांचं एक मंडळ. धर्मशास्त्र, वैद्यक, गणित, कायदा, तत्त्वज्ञान, प्रेमप्रकरणे, ज्या त्या विषयाचा वेगळा तज्ज्ञ. पुढे या मंडळाचं एक चित्रही प्रसिद्ध झालं. लांबलचक टेबलाशी डझनभर गंभीर पुरुष बसले आहेत आणि भोवती प्रश्न घेऊन आलेल्यांची ही गर्दी!

आता आतली गोष्ट. मंडळात माणसं तीन. एक स्वतः डंटन. दुसरा रिचर्ड सॉल्ट, हा गणिताचा मास्तर. आणि तिसरा सॅम्युअल वेस्ली, एका खेड्यात चर्च सांभाळणारा तरुण पाद्री. वेस्ली कसा आला? तर डंटनची बायको आणि वेस्लीची बायको या सख्ख्या बहिणी. म्हणजे हे दोघे साडू! विश्वातल्या यच्चयावत प्रश्नांचा निकाल लावणारी जी महान सोसायटी, ती दोन साडू आणि एक शिकवणीवाले मास्तर यांची होती. जॉन नॉरिस नावाचे एक तत्त्वज्ञ अधूनमधून मदत करीत, पण मूळ कारभार तिघांचा. डंटन आणि वेस्ली तेव्हा नुकते कुठे तिशीच्या आसपास होते. साडू एकत्र आले की जगातल्या सगळ्या विषयांवर अधिकारवाणीने बोलू लागतात, हे आपण सासुरवाडीला नेहमी पाहतो. डंटनने फक्त ते छापलं.

यांचं ऑफिस म्हणजे स्मिथ नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान, पोल्ट्री नावाच्या रस्त्यावर. एके काळी तिथे कोंबड्या-बदकांचा बाजार होता म्हणून हे नाव. प्रश्न याच पत्त्यावर पाठवायचे. लंडनमध्ये १६८० पासून पेनी पोस्ट सुरू झालं होतं. एका पेनीत शहरातल्या शहरात पत्र जायचं, तेही दिवसातून अनेक वेळा. म्हणजे एक पेनी टपालाला, एक पेनी अंकाला. दोन पेन्यांत तुमची शंका फिटली. डॉक्टर आणि वकील या दोघांपेक्षा स्वस्त.

पहिल्याच अंकातले प्रश्न बघा. चंद्रावर डाग कसे आले? सगळ्यांचे आत्मे सारखे असतात का? मेलेला लाझारस चार दिवसांनी जिवंत झाला, त्या चार दिवसांत त्याचा आत्मा कुठे होता? आणि याच पंगतीत मांडी घालून बसलेला एक प्रश्न, नवऱ्याने बायकोला मारणं कायदेशीर आहे का?

या शेवटच्या प्रश्नाला विद्वानांनी दिलेलं उत्तर हा मराठी सरकारी उत्तरांचा पूर्वज शोभेल असा नमुना आहे. ते म्हणतात की, 'हो' म्हणणं स्त्रीवर्गाला फार लागेल, तेव्हा असलं कठोर विधान जपूनच करायला हवं. इतकं म्हणून झाल्यावर त्यांनी असा मुद्दा काढला की, बायको ही नवऱ्याच्या शरीराचाच भाग आहे. आणि शरीरसुद्धा कधीकधी आपल्याच एखाद्या भागाविरुद्ध लढतं, वेळ पडली तर गळू फोडावं लागतं, डाग द्यावा लागतो. म्हणजे अखेर फिरूनफिरून काही अटींवर परवानगीच! पुरुषमंडळी कॉफीच्या दुकानात बसून हे लिहितात. त्यांच्या घरच्या दोन्ही बहिणींनी हा अंक वाचला की नाही, याचा दाखला इतिहासात नाही. वाचला असता तर कदाचित तिसऱ्या अंकात सुधारणा छापावी लागली असती.

पुढे तर प्रश्नांचा पूर आला. साप्ताहिक म्हणून काढायचं ठरलेलं पत्र लवकरच आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, निघू लागलं. घोड्याची शेपटीखालची वाट गोल, मग लीद चौकोनी का? विझलेला विस्तव जातो कुठे? देवदूतांच्या चित्रांत त्यांना परकर का घालतात? हे प्रश्न खरोखर आले आणि त्यांना खरोखर उत्तरंही मिळाली. यांतले काही नुसते थट्टेने पाठवलेले होते, हे उघडच आहे. पण थट्टेचा कोणता आणि तळमळीचा कोणता हे वरून कळत नाही, ही प्रश्नांची जुनी खोड आहे. घोड्याच्या लिदीचा प्रश्न विचारणारा मनुष्य खरोखर रात्रभर जागला नसेल कशावरून?

आणि यांच्या मधूनमधून बारीक आवाजात दुसरे प्रश्न येत होते. लग्नाचं वचन दिलं आहे, पण आता मन तयार नाही, काय करू? आईबाप ज्याला देत आहेत त्याच्यावर प्रेम नाही, तर लग्न करणं पाप आहे का? पूर्वी हातून एक गोष्ट घडली आहे, ती नवऱ्याला सांगावी की नाही? हे प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला त्या आठ-दहा लाखांच्या देशात, माफ करा, त्या पाच-एक लाखांच्या लंडन शहरात, दुसरं कुणीही विचारायला नव्हतं. आईला विचारावं तर ती रडणार. पाद्र्याला विचारावं तर तो ओळखीचा. मैत्रिणीला विचारावं तर ती दुसऱ्या मैत्रिणीला सांगणार. उरलं कोण? पोल्ट्रीवरचं स्मिथचं दुकान.

पत्र सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच एका बाईचं पत्र आलं. आम्हा बायकांनाही प्रश्न पाठवता येतील का, असं तिने विचारलं होतं. मंडळाने छापून जाहीर केलं की, जरूर पाठवावेत. स्त्री असो की पुरुष, ज्यात लोकांचा किंवा एखाद्या माणसाचा काही उपयोग आहे अशा सगळ्या प्रश्नांना आम्ही उत्तर देऊ. मग बायकांची पत्रं इतकी आली की, महिन्यातला पहिला मंगळवार त्यांच्यासाठी राखून ठेवावा लागला. स्त्रियांनी विद्या शिकावी की नाही, असाही प्रश्न आला. आणि गंमत म्हणजे बायकोला मारण्याच्या बाबतीत शब्दांच्या कोलांट्या मारणाऱ्या याच मंडळींनी या प्रश्नावर बायकांची बाजू घेतली. दोन महिने बायकांची पत्रं वाचण्याचा हा परिणाम असावा. माणूस उत्तरं देऊन शहाणा होत नसेल, पण प्रश्न वाचून होत असावा.

डंटनची करामत मला वाटते ती इथे. कॉफीच्या दुकानात ज्या बाईला खुर्ची नव्हती, तिचं पत्र त्याच दुकानात, त्याच टेबलावर येऊन पडलं, आणि तिथे बसलेल्या सगळ्या पुरुषांनी छापील अंक हातात घेऊन ते वाचलं. ती स्वतः आत गेली नाही. तिचा प्रश्न गेला. नाव झाकलं होतं म्हणूनच जाऊ शकला.

अर्थात, धंदा चालतोय म्हटल्यावर समोर दुसरं दुकान लागणारच. टॉम ब्राऊन नावाच्या एका चावट लेखकाने १६९२ मध्ये प्रतिस्पर्धी पत्र काढलं. त्याने नाव काय ठेवावं? 'लॅसेडिमोनियन मर्क्युरी'. लॅसेडिमोन म्हणजे स्पार्टा. हे अथेन्स, तर आम्ही स्पार्टा! दोन्हीकडून उत्तरांना उत्तरं सुरू झाली. प्रश्न विचारणारा बिचारा बाजूलाच. अखेर काही महिन्यांत स्पार्टा पडलं. पुढच्या वर्षी एल्काना सेटल नावाच्या नाटककाराने मंडळाची खिल्ली उडवणारा फार्स लिहिला. त्याच वर्षी केवळ बायकांसाठी म्हणून 'लेडीज मर्क्युरी' नावाचं निराळं पत्र निघालं, ते चार अंकांत आटोपलं. आणि एका चोवीस वर्षांच्या अनोळखी पोराने मंडळाच्या विद्वत्तेने भारावून जाऊन एक लांबलचक स्तुतिकाव्य पाठवलं. मंडळाने ते आनंदाने छापलं. त्या पोराची ही छापून आलेली पहिली कविता. त्याचं नाव जोनाथन स्विफ्ट. तोच पुढचा 'गलिव्हर'वाला. सगळ्या जगाची टर उडवणारा हा माणूस पहिल्यांदा छापला गेला तो दोन साडूंच्या आरतीत, हा नियतीचा विनोद त्याच्या स्वतःच्या विनोदांपेक्षा कमी नाही.

इथे आमच्या धंद्याचा एक धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. मर्क्युरी जोरात चालू असतानाच, १६९४ मध्ये, बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. सुरुवातीचा स्टाफ सतरा कारकून आणि दोन द्वारपाल. थोड्याच दिवसांत बँक ग्रोसर्स हॉलमध्ये आली, आणि हा हॉल पोल्ट्रीला अगदी लागून. म्हणजे स्मिथचं दुकान जवळच! त्या सतरांपैकी एकही जण दुपारी तिकडे फिरकला नसेल, हे कुठल्याही बँकेतल्या कारकुनाला पटणार नाही. आणि "साहेब रजा देत नाहीत, काय करावे?" असा एक निनावी प्रश्न त्यांच्यापैकी कुणी पेटीत टाकला नसेल, हे तर मला मुळीच पटत नाही.

आता हे सल्लागार स्वतः कसे होते? वेस्लीसाहेबांना एकोणीस मुलं झाली. त्यांतलाच जॉन पुढे मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक झाला. पण जगाला मार्ग दाखवणाऱ्या या गृहस्थांना १७०५ मध्ये कर्ज फेडता आलं नाही म्हणून लिंकनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात बसावं लागलं. साडूभाऊ डंटन यांनी आत्मचरित्र लिहिलं तेही धनकोंना चुकवत चुकवत. आमच्या भाषेत सांगायचं तर सल्लागार मंडळातले दोन सभासद थकबाकीदार. तेव्हा सल्ला देणाऱ्याने स्वतः तो पाळावा ही अट कधीच नव्हती. ती असती तर हा व्यवसाय पहिल्याच दिवशी बुडाला असता.

डंटनच्या धंद्याचा खरा हिशेब कुणाच्या हातात होता, ते त्यानेच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. बायकोच्या, एलिझाबेथच्या. दुकान तीच पाही, रोकड तीच सांभाळी, आणि म्हणून हे महाशय भटकायला आणि लिहायला मोकळे. १६९७ च्या मे महिन्यात ती वारली. जूनमध्ये मर्क्युरी बंद पडलं. सहा वर्षांत पाचशेच्या वर अंक आणि हजारो प्रश्न. या दोन घटनांचा संबंध जोडायला इतिहासकार कचरतील; कॅश सांभाळणारा मनुष्य कचरणार नाही. एलिझाबेथनंतर डंटनचं बस्तान पुन्हा नीट बसलंच नाही. १७३२ मध्ये तो गेला तेव्हा लोक त्याला विसरले होते.

त्याची युक्ती मात्र विसरले नाहीत. १७०९ मध्ये रिचर्ड स्टीलने 'टॅटलर' काढलं. त्यात कवितेची बातमी विल्सच्या दुकानातून, विद्वत्तेची ग्रीशियनमधून, राजकारणाची सेंट जेम्समधून, असे कॉफीच्या दुकानांना खातेवाटप केलेलं होतं. १७११ मध्ये जोसेफ ॲडिसनबरोबर त्याने 'स्पेक्टेटर' काढलं. रोज तीन हजार अंक खपतात आणि एकेक अंक वीस वीस जण वाचतात, असा ॲडिसनचा दावा होता. वीस जणांत एकच पेपर, हा हिशेब आपल्याला ऐकीव नको. आणि १७१३ मध्ये 'गार्डियन'साठी त्यांनी बटनच्या कॉफीच्या दुकानात सिंहाचं एक मोठं डोकं बसवलं. जबडा उघडा. वाचकांनी आपली पत्रं त्या जबड्यात टाकायची. व्हेनिसमध्ये सिंहाचे असेच जबडे असत, पण ते लोकांनी शेजाऱ्यांविरुद्ध चुगल्या टाकण्यासाठी. लंडनच्या सिंहाला चुगल्यांऐवजी विनोद, तक्रारी आणि प्रेमाचे सल्ले खायला मिळाले. तो सुखी असावा.

आज त्या मर्क्युरीतली उत्तरं वाचवत नाहीत. शास्त्राची उत्तरं चुकीची, वैद्यकाची धोक्याची, आणि बायकोला मारण्याबद्दलचं उत्तर तर संताप आणणारं. तीनशे वर्षांत उत्तरं सगळी शिळी झाली. पण प्रश्न उघडून बघा. देवदूतांचे परकर सोडले तर बाकी सगळे ताजे आहेत. वचन दिलंय पण मन नाही. नवऱ्याला सांगू की नको. आईबाप म्हणतात ते करू की मला वाटतं ते. यांतला एखादा प्रश्न गेल्या आठवड्यात तुमच्याही कानावर आला असेल, आणि तुम्हीही चहाचा कप खाली ठेवून त्यावर काहीतरी ठोकून दिलं असेल.

त्या पत्रं लिहिणाऱ्या बायांपैकी जवळजवळ एकीचंही नाव आज कुणाला ठाऊक नाही. तीच तर अट होती. तिने रात्री मेणबत्तीजवळ बसून चार ओळी लिहिल्या असतील, सकाळी कुणाच्या तरी हाती एक पेनी देऊन पत्र रवाना केलं असेल, आणि मग मंगळवार-मंगळवार करत अंकाची वाट पाहिली असेल. उत्तर आलं ते तीन जणांचं, त्यांतल्या दोघांना स्वतःचा जमाखर्च जुळवता येत नव्हता. ते उत्तर तिने मानलं की नाही, देव जाणे. पण आपला प्रश्न कुणीतरी वाचला, त्यावर डोकं खाजवलं, आणि 'हा काय प्रश्न झाला?' असं न म्हणता तो घोड्याच्या लिदीच्या आणि लाझारसच्या आत्म्याच्या शेजारी मानाने छापला, एवढं तिला त्या कागदावर दिसलं असेल. एका पेनीत याहून जास्त कोण देतो?